तेवढ्याच अक्षरात

सूर्य मांडवीच्या पाण्यात बुडाला की चाचा अंगरख्याच्या खिशातून घड्याळ काढायचे, चावी उपसायचे आणि दोन्ही काटे बारावर आणून ठेवायचे. रोज. पावसाळ्यात सूर्य दिसत नसे, तेव्हा राजिवड्याच्या मशिदीतली बांग ऐकून. घड्याळ परत खिशात टाकताना म्हणायचे, "चला. आजचा दिवस संपला, उद्याचा लागला."

अरबांच्या मुलखात वेळ अशीच मोजतात. सूर्य मावळला की बारा. कचेरीचं घड्याळ रात्रीचे आठ वाजवी तेव्हा चाचांचे दोन वाजलेले असत. पानाच्या दुकानावरची टोळकी मुद्दाम विचारायची, "चाचा, किती झाले?" चाचा मुद्दाम खरं सांगायचे. "दोन." हशा व्हायचा. "चाचांचे बारा रोज वाजतात," हा त्या दुकानावरचा ठरलेला विनोद. पाच वर्षं मी तो ऐकला आणि पाच वर्षं हसलो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे घडलं त्यात मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

रत्नागिरीत त्यांना सगळे एडिटरचाचा म्हणत. बसऱ्याला एक अरबी वर्तमानपत्र होतं, दर जुम्याला निघायचं, त्याचे ते संपादक होते. आमच्या गावात ते छापखान्यात प्रुफं तपासायचे. लग्नपत्रिका, औषधांच्या जाहिराती, हरवलेल्या म्हशींच्या नोटिसा. एवढ्या मोठ्या माणसाला हे काम, असं कुणी म्हटलं की ते म्हणायचे, "का? म्हैस हरवली तर ती बरोबर नको हरवायला?"

मूळचे केळशीचे. लहानपणी मदरशात कुराण पाठ केलेलं, मराठी शाळेत चार बुकं झालेली. तरुणपणी खजुराच्या एका व्यापाऱ्याचा कारकून म्हणून बसऱ्याला गेले. तिथं अरबी बोलायला शिकले, मग लिहायला. संध्याकाळी एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात प्रुफं बघायला लागले. एके दिवशी संपादकाला पकडून नेलं. जुमा दोन दिवसांवर आलेला. मालक डोक्याला हात लावून बसला. चाचांनी अंक लिहून काढला. "मला कोणी नेमलंच नाय," ते सांगायचे. "संपादक सुटून आला नाय, म्हणून मी राहिलो."

त्या गावातल्या दुसऱ्या वर्तमानपत्राला हे सोसलं नाही. एक हिंदी माणूस आम्हाला आमच्या भाषेत अग्रलेख ऐकवतो! त्यांनी दर आठवड्याला एक रकाना सुरू केला, हिंदी संपादकाच्या या आठवड्याच्या चुका. दुसऱ्या कुणी उत्तराला उत्तर दिलं असतं. चाचांनी काय करावं? त्या चुका उचलून आपल्या पत्राच्या पहिल्या पानावर छापल्या, ठळक अक्षरात, आणि खाली लिहिलं, शेजाऱ्यांचे आभार. लोक दोन्ही पत्रं विकत घ्यायला लागले. महिनाभरात शेजाऱ्यांनी रकाना बंद केला. "फुकटचा प्रुफरीडर गेला माझा," चाचा म्हणायचे, आणि हे सांगताना त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसे.

तिथूनच त्यांची ती सवय लागली. जिथं चूक, तिथंच दुरुस्ती. तेवढ्याच अक्षरात. चूक पहिल्या पानावर असेल तर दुरुस्ती पहिल्या पानावर. चूक मथळ्यात असेल तर दुरुस्ती मथळ्यात. आमच्या छापखान्यात हे वाक्य दिवसातून चारदा ऐकू यायचं. कंपोझिटर कंटाळून जायचे. वधूच्या वडिलांचं नाव चुकलं म्हणून चाचांनी एकदा आख्खी पत्रिका फिरून छापायला लावली. मालक ओरडले, "चाचा, बापाचं नाव आहे, नवऱ्या मुलाचं नाही!" चाचा म्हणाले, "बापालाच विचारा."

बसऱ्यात त्यांच्यावर बालंटं किती आली! इंग्रज म्हणत हा तुर्कांचा माणूस, तुर्क म्हणत हा इंग्रजांचा. "आणि बायको म्हणायची, हा माझाही नव्हे, हा छापखान्याचा." ती तिथंच वारली. तिच्याबद्दल ते एवढंच बोलायचे.

येताना एक पत्र्याची पेटी आणली होती. तीत वर्तमानपत्राचे जुने अंक. आमच्या गावात ते वाचू शकणारा एक मनुष्य नाही. अरबी अक्षर म्हणजे कुराणातलं अक्षर, एवढंच लोकांना ठाऊक. राजिवड्यातल्या बायका पोराला ताप आला की ताइतात घालायला त्या अंकाचा तुकडा मागायला यायच्या. एकदा मी समोरच होतो. चाचांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "अगो, ह्यात खजुराचा भाव लिहिलाय."

"भाव असूं दे," ती म्हणाली. "अक्षर तर अरबी हाय ना?"

चाचांनी कात्रीनं तुकडा कापून दिला. ती गेल्यावर म्हणाले, "बघ. माझं लिखाण कोणाच्या तरी उपयोगी पडलं." पोराचा ताप उतरला. त्यानंतर मागणी वाढली, आणि एका थोर पत्रकाराचे अग्रलेख राजिवड्यातल्या पोरांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात बांधले गेले.

आता माझ्याबद्दल. मी पत्रकं लिहितो. खलाशांसाठी आम्ही एक मंडळ काढलं होतं. पिवळा कागद, मोठा टाइप, वर मथळा, खाली सवाल. चाचा माझी प्रुफं बघायचे आणि प्रत्येक पत्रकावर तेच चार प्रश्न विचारायचे. "कोणी पाहिलं? कधी पाहिलं? कुठून पाहिलं? आणि तुलाच का सांगितलं?" मी चिडायचो. अन्याय समोर नाचतोय आणि हा म्हातारा तो कुठून पाहिला विचारतोय! "चाचा, तुम्ही असेच प्रश्न विचारत बसलात म्हणून तुमचं पत्र बुडालं," असं मी एकदा तोंडावर म्हणालो होतो. ते म्हणाले, "नाय रे पोरा. एकदा विचारले नायत, म्हणून बुडालं." पुढं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

मग ते गलबत बुडालं.

रत्नागिरीचं गलबत, कौलं घेऊन आखातात गेलेलं. परत निघताना तिथल्या एका बंदराबाहेर वादळात सापडलं. आमच्या गावचे पाच खलाशी गेले. गलबत हाकणारा तांडेल आणि दोघे वाचले. गलबताचा मालक इथला एक शेट. आमच्या मंडळाला तो शेट हवा होता. त्याच्या बोटींवर कुजकी शिडं असतात हे आम्हाला माहीत होतं, आम्ही लिहीतही होतो. तांडेल भाट्याला राहायचा. खाडी ओलांडून मी त्याच्याकडे गेलो. म्हटलं, शेटनं घाई केली, असं लिहून दे.

तो म्हणाला, "शेट हितं, मी तितं. त्यो काय घाई करनार? आभाळ साफ व्हतं. मी काढलं गलबत. वादळ मागाहून आलं."

"वादळाचा इशारा लागला नव्हता? बंदरात काळा गोळा चढवतात ना डोलकाठीवर?"

"मी सुटलो तवा न्हवता."

वाचलेल्या दोघांनीही तेच सांगितलं. मी ठरवून टाकलं की तिघेही शेटनं पढवलेले आहेत. शेटविरुद्ध बोलत नाही तो शेटचा माणूस, एवढं सोपं माझं गणित.

मी त्या बंदराच्या इंग्रज अधिकाऱ्याला इंग्रजीत पत्र टाकलं. चाचांना सांगून त्यांच्या ओळखीच्या, त्याच बंदरावरच्या एका कारकुनाला अरबीत पत्र टाकवलं. आधी उत्तर आलं ते कारकुनाचं. चाचांनी माझ्यासमोर बसून त्याचा मराठी तर्जुमा केला. खलाशांची नावं होती, कौलांचा हिशेब होता, शेवटी वाक्य होतं, गलबत दिवसाच्या चार वाजता सुटलं. चाचांनी लिहिलं, चार वाजता सुटलं. मी कागद खिशात घातला.

चार दिवसांनी इंग्रजी पत्र आलं. काळा गोळा दुपारी दोन वाजता चढवला.

वाचक हो, तुमच्या लक्षात आलं असेल. पानाच्या दुकानावर बसून पाच वर्षं ते घड्याळ पाहणाऱ्या मला आलं नाही. मला फक्त दिसलं, गोळा दोनला, गलबत चारला. छापखान्यातून चाचांचं घर पाच मिनिटांवर. ते इंग्रजी पत्र मी त्यांना दाखवायला हवं होतं. दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्यांनी चार प्रश्न विचारले असते, म्हणूनच दाखवलं नाही. पत्रक लिहिलं, उभ्या उभ्या टाइप जुळवून घेतला, आणि प्रुफसुद्धा मीच पाहिलं.

मथळा होता, दोन तास! दोन तास काळा गोळा डोक्यावर लोंबत असताना ह्या तांडेलानं पाच जीव समुद्रात नेले. खाली सवाल, कुणाच्या हुकुमावरून? माझं आजवरचं सगळ्यात चांगलं पत्रक. मांडवीच्या जेटीवर, जकातीच्या नाक्यावर, भाट्याच्या होडीच्या धक्क्यावर, भिंत दिसेल तिथं डकवलं.

त्याचा परिणामही झाला. बुडालेल्या एका पोराची आई भर दुपारी खाडी ओलांडून गेली आणि तिनं तांडेलाच्या उंबऱ्यावर चुलीतली राख ओतली. तांडेलाची बायको ती राख झाडायला वाकली तर तांडेल म्हणाला, "ऱ्हांवदे." नारळी पौर्णिमा तीन आठवड्यांवर होती. त्या दिवशी दर्याला नारळ दिला की खलाशी ठरवतात, ह्या मोसमात कुठल्या तांडेलाच्या हाताखाली जायचं. ह्याच्या हाताखाली कोण जाणार? आणि खलाशी नाहीत त्या तांडेलाला गलबत कोण देणार?

पत्रक निघालं त्याच संध्याकाळी चाचा नमाजाला निघाले असताना त्यांना ते मशिदीसमोरच्या भिंतीवर दिसलं. बांग झाली. त्यांनी घड्याळ काढलं, काटे बारावर नेले आणि तसेच उभे राहिले, असं मागाहून त्यांच्या बहिणीनं, आपांनी, मला सांगितलं. घरी आले तरी घड्याळ हातातच होतं.

सकाळी ते माझ्या दारात. डोक्यावर पोत्याची खोळ, पाय चिखलानं भरलेले.

"पोरा, हे दोन तास कुठून आणलेस?"

मी दोन्ही पत्रं पुढं टाकली, विजयानं. त्यांनी इंग्रजी पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. खाली बसले.

"चार म्हणजे आपले सकाळचे दहा," ते म्हणाले. "ते कारकून लोक माझ्यासारखंच घड्याळ लावतात. सूर्य मावळला की बारा, उगवला की पुन्हा बारा, तिथून चार. गलबत दहाला सुटलं. गोळा दोनला चढला. चार तास आधी गेला रे तो. त्यानं गोळा पाहिलाच नाय."

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही.

"चूक माझी," चाचा म्हणाले. "मी वेळ लिहिली, घड्याळ लिहिलं नाय. मला चार म्हणजे चारच वाटले. आज दुरुस्ती काढ. दोन तास ज्या अक्षरात छापलंस, त्याच अक्षरात. त्याच कागदावर. त्याच भिंतींवर."

मी म्हटलं, रविवारी आमची मोठी सभा आहे. दुरुस्ती काढली तर शेट नाचेल. सभा होऊ दे, मग पुढच्या पत्रकात कुठंतरी दोन ओळी टाकू.

"कुठंतरी म्हणजे कुठं?"

"शेवटी. खाली."

तेव्हा त्यांनी मला ती बसऱ्याची गोष्ट सांगितली, जी पाच वर्षांत सांगितली नव्हती. गावात पटकी आली होती. एक ठेकेदार मशकांनी पाणी पुरवायचा. चाचांनी लिहिलं, ह्याच्या घाण पाण्यानं माणसं मरताहेत. गाव पेटलं. ठेकेदाराच्या पखाली फोडल्या, माणसांना मारलं. मग चाचांना कळलं की घाण पाणी सरकारी टाकीतलं होतं, त्याचं नव्हतं. त्यांनी पहिल्या पानावर, तेवढ्याच अक्षरात, दुरुस्ती छापली. ठेकेदारानं आभार म्हणून खजुराची पेटी पाठवली. चाचांनी ती दारातूनच परत केली, पण पेटी दारात आली एवढं लोकांनी पाहिलं. त्यांच्याच बाजूची माणसं छापखान्यात शिरली. टाइपाचे खण उचलून नदीत ओतले. पत्र बंद. त्यानंतर तिकडं त्यांना कुणी उभं केलं नाही.

"आणि तो ठेकेदार कसा होता?" मी विचारलं.

"वाईट. फार वाईट माणूस. गरिबांना नाडणारा," चाचा म्हणाले. "पण पाण्याचं त्यानं केलं नव्हतं."

"मग काय मिळालं तुम्हाला?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी अरबीत काहीतरी चुकीचं बोललो होतो आणि ते मनातल्या मनात दुरुस्त करत होते. मग खोळ डोक्यावर घेतली. "पौर्णिमेच्या आत काढ. मागाहून काढलंस तर ती दुरुस्ती नसेल, बातमी असेल."

आमचे अध्यक्ष वकील. त्यांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, एवढ्या तेवढ्यानं चळवळ मागं नेता येत नाही. आणि चूक झाली असली तर तर्जुमा करणाराची." छापखान्याच्या मालकांना त्यांनीच निरोप पाठवला. चाचा स्वतःच्या खर्चानं दुरुस्ती छापायला गेले तेव्हा, ज्या छापखान्यात ते पाच वर्षं बसत होते तिथं, त्यांना टाइप मोकळा नाही असं सांगण्यात आलं.

मग त्यांनी हातानं लिहायला घेतलं.

पिवळे कागद आणले. माझा मथळा जेवढा उंच तेवढीच अक्षरं, बोरूनं, निळ्या शाईनं. आपा सांगत होत्या, पट्टीनं माझं अक्षर मोजून घ्यायचे. मजकूर साधा. तांडेल इशाऱ्याआधी चार तास सुटला होता. चूक तर्जुम्याची. खाली त्यांचं नाव. माझं नाव कुठंही नाही. माझ्या प्रत्येक पत्रकावर एक, बरोबर त्याच जागी, खळीनं डकवलेला. दुपारी पाऊस यायचा. छापखान्याची शाई तेलकट, ती पावसाला दाद देत नाही. बोरूची शाई वाहून जायची. दुसऱ्या दिवशी चाचा पुन्हा कागद लिहून खळीचा डबा घेऊन हजर. सत्तरीला आलेला माणूस. जेटीवरचे हमाल म्हणायचे, "चाचा, रोज कसली सिनेमाची जाहिरात लावता?" चाचा म्हणायचे, "एकच खेळ आहे बाबा. बघून घे."

मी हे बघत होतो. लांबून.

रविवारी शाळेच्या दालनात सभा झाली. माणसं दाटून बसलेली. चाचा मागच्या बाकावर. सभा रंगात आली असताना एक खलाशी उठला आणि म्हणाला, "त्या निळ्या शाईच्या कागदांचं काय खरं? तांडेल आधी सुटला म्हनतात."

वकीलसाहेब हसून म्हणाले, "ते आपल्या एडिटरचाचांचं काम. वय झालं आहे. त्यांचं घड्याळ आणि त्यांचं डोकं, दोन्ही उलटी चालतात." आणि जरा थांबून, "आता अरबांच्या गोष्टी अरबांनाच कळणार." त्या दुसऱ्या वाक्याचा अर्थ सभेत प्रत्येकाला कळला. हशा झाला.

मी व्यासपीठावर होतो. माझ्या खिशात दोन्ही पत्रं होती. उठून एवढंच म्हणायचं होतं, इंग्रजी पत्र मी त्यांना दाखवलंच नव्हतं. एक वाक्य. आजवर हजार वाक्यं छापली मी, तेवढं एक तोंडातून निघालं नाही. उलट, हशा झाला तेव्हा माझंही तोंड हललं. हसलो असेन. होय, हसलो.

तेवढ्यात बाजारातल्या मशिदीतली बांग ऐकू आली. चाचा उठले. भरल्या सभेत खिशातून घड्याळ काढलं, चावी उपसली, काटे बारावर नेले. हशा दुप्पट झाला. तो ओसरेपर्यंत ते उभे राहिले. मग म्हणाले, "चूक माझी होती. तांडेलाची नव्हती. एवढं लिहून घ्या." आणि माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरून पावसात गेले. माझ्याकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं.

कुणी लिहून घेतलं नाही. लोकांना काळा गोळा समजला होता, घड्याळ समजत नव्हतं. समजून घ्यायचंही नव्हतं.

त्यानंतर ते भिंतींवर दिसेनासे झाले. ताप भरला होता. आठवडाभर मी गेलो नाही. गेलो तेव्हा खाटेवर होते, पायाशी ती पत्र्याची पेटी. मी बाजूला बसलो. आपांनी माझ्यापुढं पाणी ठेवलं आणि आत गेल्या. चाचांनी डोळे उघडले.

"पौर्णिमेला किती दिवस?"

"पाच."

"मग वेळ आहे," ते म्हणाले. मला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही.

मी म्हटलं, "चाचा, तुमचं घड्याळ कुठं आहे?" खिसा रिकामा दिसत होता.

"कामाला लावलंय," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

तिसऱ्या दिवशी गेले. दफनाला राजिवड्यातली माणसं होती, छापखान्याचे दोन कंपोझिटर होते, आणि भाट्याचा तांडेल होता. त्याच्या शेजारी कुणी उभं राहिलं नाही. मीही नाही.

पौर्णिमा झाली. मांडवीवर नारळ पडले, खलाशांनी आपापले तांडेल धरले. हा तांडेल आपला नारळ घेऊन भाट्याच्या टोकाला एकटाच गेला होता म्हणतात. मी पाहिलं नाही.

दुरुस्ती मी पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी छापली. एवढा उशीर का, असं तुम्ही विचाराल. त्याला कारण नाही. भीती होती, वकिलांची, सभेतल्या लोकांची, पानाच्या दुकानाची. दुसऱ्यांना भित्रे म्हणणाऱ्या पत्रकांवर मी वाढलो आहे, म्हणून हा शब्द मला चांगला माहीत आहे. टाइप मीच जुळवला, मालक ओरडत असताना. पिवळा कागद. तेवढंच अक्षर. मजकुरात लिहिलं की इंग्रजी पत्र मी तर्जुमाकाराला दाखवलं नाही, चूक माझी. खाली माझं नाव. मंडळानं मला दुसऱ्या दिवशी काढून टाकलं, ते असो.

गठ्ठा आणि खळीचा डबा घेऊन मी जेटीवर आलो. पावसाळ्यात बंद असलेल्या मुंबईच्या बोटी नुकत्याच सुरू झाल्या होत्या. बोट लांब उभी होती आणि उतारूंना घेऊन जाणारा पडाव जेटीला लागला होता. पडावात तांडेल बसलेला. मांडीवर बोचकं. मुंबईला कुणा गोदामावर रखवालदाराची जागा मिळाली होती. दर्यावरचा माणूस, गोदामावर.

मी ओरडलो, "तांडेल! हे छापलंय!"

"काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. सगळं, माझ्या नावासकट. पडावातली माणसं ऐकत होती. तांडेलानं मान खाली घालून ऐकलं.

"चाचांनी ह्ये वाचलानी?"

"नाही."

"रोज सांजचे होडीत बसून यायचे," तो म्हणाला. "माझ्या पडवीवर बसायचे. लोकांनी बघावं म्हनून. मी म्हनायचो, चाचा, ऱ्हांवदे, तुमाला पावसाचं सोसायचं न्हाय. ऐकलानी न्हाय."

मी कागद पुढं केला. त्यानं घेतला नाही.

"मला घेऊन काय करू? आदी जितं लावलंवतं, तितं लावा."

नावाड्यांनी पडाव लोटला. सूर्य पाण्याला टेकला होता. पडाव थोडा लांब गेला तेव्हा तांडेलानं कमरेच्या गाठीतून काहीतरी काढलं. मला आधी तंबाखूची डबी वाटली. मग ते चमकलं. सूर्य बुडेपर्यंत तो ते तळहातावर धरून बसला, आणि बुडाल्यावर दुसऱ्या हाताच्या जाड बोटांनी, शिकवल्यासारखं, सावकाश, त्याची चावी उपसली.

मी जकातीच्या भिंतीशी गेलो. माझं दोन तासांचं पत्रक अजून तिथं होतं, कडा काळ्याभोर, जसं छापलं तसं. त्याच्यावर चाचांचा शेवटचा कागद होता, अर्धा सुटलेला. अक्षर एकही उरलं नव्हतं. नुसता निळा डाग, वरपासून खालपर्यंत ओघळलेला. मी खळ लावली आणि त्या डागावर माझा कागद डकवला. दुसरी जागाच नव्हती.